हाउस रूल न्यायाने वापरण्यासाठी: नव्या गेम मास्टरसाठी मार्गदर्शन

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत खेळायचा कथाखेळ, खेळणाऱ्या प्रत्येक गटात काही नियम असे असतात, की जे पुस्तकात शोधून सापडत नाहीत, पण टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना पाठ असतात. फासा टेबलावरून खाली घरंगळला तर तो धरायचा नाही, पुन्हा टाकायचा, हा त्यांतला बहुधा सर्वांत साधा. अशा नियमांना हाउस रूल म्हणतात आणि ते या खेळाइतकेच जुने आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपात पेटीतून आला, तेव्हा लढाईसाठी 'चेनमेल' या 1971 च्या युद्धखेळाचे नियम वाचकाच्या हाताशी असतील असे त्यात गृहीत धरले होते आणि वीस बाजूंच्या फाशाने वार ठरवण्याची पद्धत केवळ पर्याय म्हणून दिली होती. पुढे तो पर्यायच मुख्य नियम होऊन बसला. पुस्तिकांमध्ये मोकळ्या जागाही इतक्या होत्या, की प्रत्येक गटाला त्या आपापल्या अकलेने भराव्या लागल्या.

त्यामुळे हाउस रूल करणे म्हणजे काहीतरी चोरटे काम आहे, असे नव्या गेम मास्टरने, म्हणजे कथा चालवणाऱ्या आणि नियमांचा निवाडा करणाऱ्या व्यक्तीने, मुळीच मानू नये. मात्र तो नियम केव्हा केला, कोणाला विचारून केला आणि त्याची किंमत कोणाच्या पदरात पडली, यावर तो न्याय्य की अन्याय्य हे ठरते. पुढील पायऱ्या याच तीन प्रश्नांभोवती रचल्या आहेत. उदाहरणे मुख्यतः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीतली घेतली आहेत, कारण पुष्कळ नवे लोक तिथूनच सुरुवात करतात. पद्धत मात्र कोणत्याही खेळाला लागू पडते.

पायरी 1: आधी छापील नियमांनी खेळा

निदान पाच-सहा सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, पुस्तकाबरहुकूम खेळल्याशिवाय एकही नियम बदलू नये. नियम एकमेकांत गुंतलेले असतात आणि जो धागा आपल्याला फालतू वाटतो, त्यावर दुसऱ्या कोणाचे तरी पात्र उभे असते. शिवाय 'हा नियम चुकीचा आहे' अशी जी तक्रार सुरुवातीला मनात येते, ती अनेकदा नियम अर्धवट वाचल्यामुळे आलेली असते.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कित्येक गट हाउस रूल वापरत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. वीस बाजूंच्या फाशावर नॅचरल 20, म्हणजे कोणतीही भर न घालता 20, पडले की कोणतेही काम साधलेच, अशी समजूत सर्रास आढळते. 2014 च्या नियमांत ही सवलत फक्त वाराला आहे. कुलूप उघडणे, भिंत चढणे, पहारेकऱ्याची समजूत घालणे अशा चाचण्यांना ती नाही. तिजोरीच्या कुलपासाठी 25 चा आकडा हवा असेल आणि पात्राची भर +2 असेल, तर 20 पडूनही बेरीज 22 होते आणि कुलूप बंदच राहते. इथे आपोआप यश मान्य केले, तर त्या कामाचा गंधही नसलेल्या प्रत्येक पात्राला 5 टक्के संधी मिळते, आणि पाच जणांनी ओळीने प्रयत्न केला तर कोणा एकाला तरी 20 पडण्याची शक्यता सुमारे 22.6 टक्के होते. ज्या खेळाडूने आपल्या चोराला कुलपांत निष्णात करण्यासाठी दोन-चार लेव्हल (अनुभवाने चढायच्या पायऱ्या) खर्ची घातल्या, त्याच्या डोळ्यांदेखत ती तिजोरी चिलखतधारी धर्मगुरू उघडतो. गटाला हा विनोद आवडत असेल तर खुशाल ठेवावा. पण तो आपण निवडलेला नियम आहे, पुस्तकातला नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असावे.

पायरी 2: तात्पुरता निर्णय आणि नियम यांत गल्लत करू नका

खेळ चालू असताना असे काहीतरी घडतेच, की ज्याचे उत्तर पुस्तकात नसते. एखादा खेळाडू म्हणतो, "अदृश्य शत्रू जिथे उभा असेल असे मला वाटते, तिथे मी पिठाची पिशवी फोडतो." इथे गेम मास्टरने चटकन काहीतरी ठरवावे आणि पुढे जावे. 'आजच्यापुरते असे धरू, की पीठ उडाल्यामुळे या राउंडमध्ये त्याचा आकार दिसतो', असे मोठ्याने म्हणावे आणि 'आजच्यापुरते' हा शब्द आवर्जून वापरावा. हा निर्णय झाला, नियम नव्हे.

तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला, की तो निर्णय नियम होऊ पाहतो, कारण खेळाडू आता पिठाच्या पिशव्या विकत घेऊन ठेवतात आणि गेल्या वेळेसारखेच घडेल या भरवशावर जीव धोक्यात घालतात. म्हणून प्रत्येक तात्पुरता निर्णय एका वहीत ओळभर टिपून ठेवावा आणि सेशन संपल्यावर त्याकडे शांतपणे पाहावे. टिपण्याचा कंटाळा करणाऱ्या गेम मास्टरच्या टेबलावर एकाच कृतीला मंगळवारी एक आणि शनिवारी दुसरे उत्तर मिळते, आणि पक्षपाताचा संशय नेमका तिथून सुरू होतो.

पुस्तकात ऐच्छिक म्हणून छापलेले नियम हा आणखी एक गट. ते छापील आहेत म्हणून आपोआप लागू होत नाहीत. त्यांनाही हाउस रूलसारखेच सगळ्यांसमोर मांडावे लागते.

पायरी 3: नियमाआधी तक्रार लिहा

आपल्याला नेमके काय खुपते आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. 'लढाई कंटाळवाणी होते' हे पुरेसे नाही. 'बेशुद्ध पडलेल्या पात्राला उपचाराने एक हिट पॉइंट (पात्राची जीवशक्ती मोजणारा गुण) दिला की ते लगेच उठून लढू लागते, त्यामुळे पडण्याची भीती कोणालाच उरलेली नाही' ही कामाची तक्रार आहे, कारण उपाय लागू पडला की नाही हे तिच्यावरून पुढे तपासता येते. तक्रार लिहायला बसले, की कित्येकदा लक्षात येते की नियमाचा काही दोष नाही: एक खेळाडू स्वतःची पाळी आल्यावर मंत्रांची यादी वाचायला घेतो म्हणून लढाई रेंगाळते. त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलणे हा तिथे उपाय आहे आणि त्यासाठी सगळ्या गटावर वाळूचे घड्याळ लादण्याचे कारण नाही.

पायरी 4: भुर्दंड कोणाला, हे आकड्यांत पाहा

ही पायरी लोक सर्वाधिक वेळा गाळतात आणि गाऱ्हाणी सर्वाधिक इथूनच उगवतात, म्हणून इथे जरा थांबू.

सर्वांत लोकप्रिय हाउस रूलपैकी एक म्हणजे फम्बल: वाराच्या फाशावर 1 पडला, की केवळ वार चुकत नाही, तर तलवार हातातून निसटते, धनुष्याची दोरी तुटते किंवा घाव शेजारच्या साथीदाराला बसतो. ऐकायला नियम सर्वांना सारखा आहे आणि टेबलावर हशाही पिकतो. आता हिशेब करू. पहिल्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, एका पाळीत एक वार करतो, त्यामुळे त्या पाळीत फम्बल होण्याची शक्यता 5 टक्के. पाचव्या लेव्हलला त्याला दोन वार मिळतात आणि शक्यता 9.75 टक्क्यांवर जाते. अकराव्याला तीन वार, 14.3 टक्के, विसाव्याला चार वार, 18.5 टक्के. चार राउंडच्या (एका राउंडमध्ये प्रत्येकाची एक पाळी) लढाईत हा विसाव्या लेव्हलचा तलवारबहाद्दर सोळा फासे टाकतो आणि त्यांत एकदा तरी तलवार निसटण्याची शक्यता 56 टक्के होते. काल हातात तलवार धरलेल्या पोराची तेवढ्याच राउंडमधली शक्यता 18.5 टक्के असते. म्हणजे माणूस जितका कसबी, तितका तो वेंधळा ठरतो. शेजारी उभा असलेला विझार्ड, म्हणजे जादूगार, अग्निगोल फेकतो तेव्हा तो स्वतः वाराचा फासा टाकतच नाही, शत्रू सेव्हिंग थ्रो करतो, म्हणजे बचावासाठी फासा टाकतो. म्हणून या नियमाची झळ त्याला लागत नाही. कागदावर सर्वांना समान असलेला नियम प्रत्यक्षात एकट्या फायटरवर बसवलेला कर निघतो.

नियम काढून टाकावा असे यातून लगेच सिद्ध होत नाही. प्रत्येक पाळीतल्या फक्त पहिल्या वाराला फम्बल लागू केला, तर सगळ्या लेव्हलची शक्यता पुन्हा 5 टक्क्यांवर येते आणि गंमतही राहते. मी स्वतः हाच तोडगा वापरतो. पण तो सुचण्यासाठी आधी आकडेमोड करावी लागते.

क्रिटिकल वाराचे, म्हणजे फाशावर 20 पडलेल्या वाराचेही असेच. पुस्तकाप्रमाणे क्रिटिकलला इजेचे फासे दुप्पट टाकायचे असतात. आठ बाजूंच्या एका फाशाऐवजी दोन टाकले की सरासरी इजा 9 येते. दोन्ही फाशांवर एकेक पडून सगळा विरस होतो, म्हणून अनेक गट एका फाशाची कमाल किंमत धरतात आणि दुसरा टाकतात, ज्यामुळे सरासरी 12.5 होते. खेळाडूंना हा नियम अर्थातच आवडतो. पण तो राक्षसांनाही द्यायचा का? दिला, तर लक्षात घ्यावे की एक राक्षस एका लढाईत येतो आणि मरतो, तर खेळाडूचे पात्र पूर्ण मोहीमभर मार खाते, त्यामुळे वाढीव क्रिटिकलचा फटका कालांतराने पात्रांनाच अधिक बसतो. नाही दिला, तर तसे आधीच लिहून ठेवावे. दोन्ही मार्ग चालतील, पण रंगात आलेल्या लढाईत मोठ्या राक्षसाच्या हातून 20 पडल्यावर हा प्रश्न पहिल्यांदा उपटता कामा नये.

माझ्या हातून झालेली चूक फ्लँकिंगची होती. शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन साथीदार उभे राहिले, की दोघांनाही अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, हा पुस्तकातला ऐच्छिक नियम मी मोठ्या उत्साहाने आणला. ज्या वाराला 11 लागतात, त्याची यशाची शक्यता यामुळे 50 टक्क्यांवरून 75 टक्क्यांवर जाते, आणि सगळे खूश दिसत होते. आमच्या गटात एक बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, होता. दुसऱ्या लेव्हलला बार्बेरियनला बेफिकीर हल्ला करून अ‍ॅडव्हांटेज मिळवता येतो, मात्र त्याबदल्यात पुढच्या पाळीपर्यंत शत्रूंनाही त्याच्यावर अ‍ॅडव्हांटेज मिळतो. जे तो रक्त सांडून विकत घेत होता, ते मी सगळ्यांना फुकट वाटले होते. त्या खेळाडूने तक्रार केली नाही. तीन सेशननंतर मी सहज विचारले, "हल्ली बेफिकीर हल्ला का करत नाहीस रे?" तेव्हा तो म्हणाला, "आता त्याचा काय उपयोग, दादा?" पुढच्या सेशनपासून आम्ही फ्लँकिंगला अ‍ॅडव्हांटेजऐवजी वारात +2 अशी किरकोळ भर दिली आणि त्याचे कौशल्य त्याला परत मिळाले.

तेव्हा नवा नियम लिहिला, की प्रत्येक पात्राचा कागद समोर घेऊन एकच प्रश्न विचारावा: या पात्राने जे निवडले, शिकले किंवा विकत घेतले, त्यातले काही या नियमामुळे स्वस्त होते का?

पायरी 5: शब्द मोजून लिहा

'औषध पटकन पिता येईल' हा नियम नव्हे, पुढच्या भांडणाचे आमंत्रण आहे. कोणते औषध, कोणी कोणाला पाजायचे, पटकन म्हणजे किती? 2014 च्या नियमांत औषधाची कुपी पिण्यासाठी पूर्ण अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्च होत असे, आणि असंख्य गटांनी ती मुख्य कृतीसोबत करता येणारी छोटी बोनस अ‍ॅक्शन केली होती. असा नियम नीट लिहायचा तर तो असा दिसेल: 'स्वतःजवळची उपचाराची कुपी स्वतः पिणे ही बोनस अ‍ॅक्शन, बेशुद्ध साथीदाराला पाजणे ही अ‍ॅक्शन, इतर औषधांना पुस्तकातलाच नियम.' दोन ओळींत तीन वाद मिटतात. जाता जाता सांगायचे, तर 2024 च्या सुधारित पुस्तकात उपचाराची कुपी पिणे आणि पाजणे या दोन्हींना बोनस अ‍ॅक्शनच दिली आहे, म्हणजे गटागटांतून रुळलेली गोष्ट अखेर छापील झाली. जुना नियम अंगवळणी पडलेल्या आणि नवे पुस्तक हाती घेतलेल्या खेळाडूंच्या मिश्र गटात तर हा मुद्दा हमखास लिहून ठेवावा.

पायरी 6: मांडा, विचारा आणि मौनाला होकार समजू नका

नियम सेशनच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी लिहून सगळ्यांना द्यावा आणि त्यासोबत मूळ तक्रारही द्यावी, कारण ती वाचून एखादा खेळाडू आपल्यापेक्षा चांगला उपाय सुचवतो. नियम सुचवण्याचा अधिकार खेळाडूंनाही आहे. त्यांनीही तक्रार, नियम आणि भुर्दंड या क्रमानेच मांडावे.

हात वर करून मते मोजणे सोपे असते, पण पाचांपैकी चौघांना फायद्याचा आणि एकाला तोट्याचा नियम मतदानाने नेहमीच मंजूर होईल. ज्याच्या पात्राला झळ बसते, त्याच्या शब्दाला अधिक वजन असावे, आणि त्याने मान्य केले तरी पात्रात त्याअनुषंगाने एखादा बदल करण्याची मोकळीक त्याला द्यावी. नव्या किंवा अबोल खेळाडूला सगळ्यांसमोर 'तुला चालेल ना?' असे विचारले, की तो मान डोलावणारच. त्याला एकट्याला गाठून विचारावे.

इथे एक सीमा पाळावी लागते. कथेत कोणते विषय नकोत, कोणते प्रसंग पडद्याआड ठेवावेत, ही बोलणी मोहीम सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीत, ज्याला सेशन झिरो म्हणतात, त्यात होतात आणि तीही हाउस रूलच्या कागदावर लिहिली जातात. पण त्यांना मतदान नाही आणि चाचणीचा काळही नाही. एकाने नको म्हटले, की तो विषय मिटला. कारण विचारत बसू नये.

पायरी 7: नियम पुढच्या सेशनपासून, मागच्या तारखेपासून कधीच नाही

लढाई अर्धी झाल्यावर नियम बदलणे हा रडीचा डाव आहे, मग तो गेम मास्टरने खेळला काय किंवा खेळाडूने काय. खेळाडूने जोखीम पत्करली ती त्या क्षणी ठाऊक असलेल्या नियमांच्या जोरावर. फासा पडल्यानंतर त्याचा अर्थ बदलला, तर त्याच्या निवडीला अर्थच उरत नाही. नियमाबद्दल खरोखरच शंका असेल आणि पात्राचा जीव पणाला लागला असेल, तर त्या वेळेपुरता निर्णय पात्राच्या बाजूने द्यावा आणि शंका वहीत लिहावी. टेबलावरच्या वादाला दोन मिनिटांची मर्यादा घालावी. त्यानंतर गेम मास्टरचा शब्द चालेल आणि चर्चा सेशननंतर होईल, हेही आधीच ठरवून टाकावे.

नव्या नियमाला तीन सेशनांची मुदत द्यावी. मुदत संपल्यावर पायरी 3 मधली तक्रार काढून वाचावी आणि ती दूर झाली का, ते विचारावे. बेशुद्धीच्या त्या तक्रारीवर एक प्रचलित उपाय असा आहे, की शून्य हिट पॉइंटवर जाणाऱ्या पात्राला दर वेळी थकव्याची एक पायरी मिळते. 2014 च्या नियमांत थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत, सहावी म्हणजे मृत्यू, आणि पूर्ण रात्रीच्या विश्रांतीने त्यांतली एकच उतरते. तीन सेशनांत असे दिसू शकते, की पडण्याची भीती परतली खरी, पण मार खायला पुढे उभे राहणारेच पात्र सतत थकलेले आहे आणि मागचे धनुर्धारी ताजेतवाने. मग प्रत्येक लढाईत फार तर एकच पायरी मिळेल अशी दुरुस्ती करता येते, किंवा नियम सोडून देता येतो. चाचणीला ठेवलेला नियम मागे घेण्यात कमीपणा नाही. मुदत न घालता आणलेला नियम मागे घेताना मात्र हट्ट आडवा येतो.

पायरी 8: सर्वांना सारखा, आणि सवलत असेल तर उघड

एखादा भिडू अगदी नवा किंवा लहान असेल आणि त्याला चुकलेली चाल मागे घेण्याची मुभा द्यायची असेल, तर ती सगळ्यांना सांगून द्यावी. उघडपणे दिलेल्या सवलतीचा कोणाला राग येत नसतो. गेम मास्टरच्या जवळच्या मित्राला गुपचूप मिळालेली सवलत मात्र कधी ना कधी बाहेर येतेच.

पडद्यामागे टाकलेल्या फाशाचा आकडा गुपचूप बदलणे याला हाउस रूल म्हणता येणार नाही, कारण जो नियम खेळाडूंना ठाऊकच नाही तो नियम कसला? काही गटांना कथा रंगण्यासाठी हे चालते, काहींना मुळीच नाही. मोहिमेच्या सुरुवातीला एकदा स्पष्ट विचारून घ्यावे आणि उत्तर पाळावे.

पायरी 9: एका पानात मावेल एवढेच ठेवा

सगळे चालू नियम एका पानावर, प्रत्येकाच्या शेजारी तारीख आणि मूळ तक्रार अशा रीतीने लिहावेत. दुसरे पान लागले, की एखादा नियम कमी करण्याची वेळ आली असे समजावे. गटात नवा खेळाडू आला, की पात्र तयार करण्याआधी हे पान त्याच्या हाती द्यावे, कारण फम्बल आहे की नाही यावर फायटर निवडायचा की विझार्ड हे ठरू शकते.

आमच्याकडे मध्यंतरी अशीच एक नवी खेळाडू आली. तिने पान वाचले आणि विचारले, "हा चौथा नियम कशासाठी आहे?" चौथा नियम टॉर्चच्या उजेडाबद्दल होता आणि त्याच्या शेजारी तक्रार लिहायची राहून गेली होती. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले, कोणालाच आठवेना. मी पेन काढून तो नियम खोडला आणि तिच्यासमोर पात्राचा कोरा कागद ठेवला.